कोरेगाव पार्क किंवा बोट क्लब रोडला मोठं फर्निश्ड घर भाड्याने घ्यायचंय, काय काय बघावं?

परतीची_वाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं बेंगळुरूला काढून आता पुण्यात यायचं पक्कं होतंय. नवऱ्याचं ऑफिस खराडीला, माझं काम घरून, मुलगी नववीत आणि सोबत सासूबाई, वय ७६, गुडघे दुखतात त्यामुळे जिने अजिबात नकोत. घरभाडं भत्ता बरा मिळणारे म्हणून पहिल्यांदाच जरा मोठं, नीट घर घ्यायचं ठरवलंय, करार मात्र आमच्याच नावावर, कंपनीच्या नाही.

दोन घरं मनात आहेत. एक कोरेगाव पार्कात नॉर्थ मेन रोडच्या आत, फोर बीएचके, सातवा मजला, पूर्ण फर्निश्ड, सगळीकडे इटालियन मार्बल, सेंट्रल एसी, मोठं टेरेस. भाडं १,६०,००० आणि डिपॉझिट ८ लाख, दोन वर्षांचा करार आणि पूर्ण दोन वर्षं लॉक-इन (म्हणजे त्याआधी घर सोडता येणार नाही) मागतायत. दुसरं बोट क्लब रोडला, इमारत जुनी, घर रिकामं (फक्त किचन आणि वॉर्डरोब), भाडं १,४५,०००. पहिलं बघून मुलगी आणि मी दोघी हरखून गेलो हे खरं, पण एजंट म्हणतोय की भाडं दोन कागदांत करू, ९० हजार घराचं आणि ७० हजार फर्निचरचं वेगळं, "सगळे असंच करतात मॅडम". बेंगळुरूला आम्ही अकरा महिन्यांचा नोटरी केलेला कागद करायचो आणि विषय संपायचा, इथलं काहीच माहीत नाही. कृपया अनुभवी लोकांनी सविस्तर सांगा, रक्कम मोठी आहे आणि सासूबाईंना घेऊन वर्षभरात परत घर बदलणं आम्हाला जमणार नाही.

गल्ली_सात

स्वागत आहे ताई पुण्यात. मी इथेच राहतो, परिसराबद्दल सांगतो, कागदाचं इतर लोक सांगतील.

कोरेगाव पार्क राहायला सुंदरच आहे, गल्ल्यांमधली वडाची झाडं, सकाळी त्या सावलीत चालायला जाणं, हे सुख पुण्यात फार कमी ठिकाणी उरलंय. पण नॉर्थ मेन रोडला लागून घर असेल तर शुक्रवारी-शनिवारी रात्री अकरानंतर एकदा तिथे उभं राहून बघाच, पबचा आवाज, गाड्या, हॉर्न, वॅले पार्किंगवाल्यांची धावपळ. एजंट तुम्हाला मंगळवारी सकाळी अकराला घर दाखवतो तेव्हा रस्ता एकदम शांत असतो. सातव्या मजल्यावर आवाज कमी येतो असं समजू नका, वरही बऱ्यापैकी येतो. दुसरं डास. नदी जवळ आहे, मुळा-मुठेत जलपर्णी वाढली की फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी टेरेसवर बसणं अशक्य होतं, खिडक्यांना जाळ्या आहेत का बघा, फर्निश्ड महागड्या घरांमध्ये दिसायला वाईट म्हणून बऱ्याचदा जाळ्या लावलेल्याच नसतात.

पाणी. महापालिकेचं किती येतं, बोअर किती, टँकर किती आणि टँकरचे पैसे कोण भरतं हे वॉचमनला विचारा, एजंटला नाही. लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे का, की फक्त पॅसेजच्या दिव्यांना आहे, हे सासूबाईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं. खराडीला जायला मुंढव्याकडून किंवा कल्याणीनगर-नगर रोडने, दोन्हीकडे संध्याकाळी गर्दी असते. मेट्रो मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत गेलीये, बंडगार्डन आणि कल्याणीनगर ही स्टेशनं जवळची, पण गल्ल्यांतून चालत जाण्याइतकी जवळ नाहीत, रिक्षा लागतेच.

प्रभातफेरी

नदीपलीकडेच का बघताय? प्रभात रोड, भांडारकर रोडच्या गल्ल्या बघा ना. नवीन बांधकामं खूप झालीत, मोठे फ्लॅट मिळतात, सासूबाईंना बोलायला चार माणसं मिळतील आणि डेक्कनला मेट्रो आहे.

परतीची_वाट

@प्रभातफेरी मनापासून आवडलं असतं पण रोज खराडी गाठायचं म्हणजे नवऱ्याचे दिवसाचे दोन-अडीच तास रस्त्यात जातील.

कागदोपत्री

ताई, बेंगळुरूची सवय इथे पूर्ण विसरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा कागद) लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच महिन्यांचा. "अकरा महिन्यांचा असला की नोंदणी नको" हे इतर बऱ्याच राज्यांत चालतं, इथे नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नोंदणी नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे नोंदणी ही मालकाच्याही फायद्याची.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्या भाड्यात मिळवायचं. तुमच्या केसमध्ये २४ महिन्यांचे ३८,४०,०००, डिपॉझिटवर दोन वर्षांचं व्याज १,६०,०००, बेरीज बरोबर ४० लाख, म्हणजे शुल्क १०,००० रुपये (दुसऱ्या वर्षीची भाडेवाढ धरलेली नाही). नोंदणी फी शहरात १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या मशीनवर घरी बसून होतं, सासूबाईंना कुठे न्यायची गरज नाही, त्या करारात पक्षकार नसल्या तरी राहणाऱ्या माणसांच्या नावांत त्यांचं नाव लिहून घ्या.

आता ते दोन कागद. चाळीस लाखांच्या व्यवहारात मालक मुद्रांक शुल्काचे चार-पाच हजार वाचवायला हे करत नाही. कारण दुसरं असतं, बहुतेक वेळा आयकराचं किंवा सोसायटीला भाडं कमी दाखवण्याचं. तुम्ही त्यात पडू नका. उद्या डिपॉझिटवरून भांडण झालं तर नोंदणी झालेल्या कागदावर भाडं ९० हजार आणि डिपॉझिटही बहुतेक कमी लिहिलेलं, उरलेलं सगळं एका साध्या कागदावर.

मुक्काम_पोस्ट

मी स्वतः मालक आहे, कल्याणीनगरला एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. फर्निचरचा वेगळा करार करणं म्हणजे लगेच फसवणूक असं नाही हो. आमच्या घरात पंचवीस-तीस लाखांचं फर्निचर आणि उपकरणं आहेत, त्याची यादी, त्याची झीज, त्याचा विमा हे सगळं घराच्या करारात कोंबलं की कागद लांबतो. वेगळा कागद केला, दोन्हीचं भाडं बँकेतून घेतलं, दोन्ही रिटर्नमध्ये दाखवलं तर त्यात काय चुकीचं?

कागदोपत्री

@मुक्काम_पोस्ट तुम्ही सगळं बँकेतून घेता आणि दाखवता, चांगलंच आहे. पण १,६०,००० मध्ये ७०,००० फर्निचरचे, वर्षाला ८ लाख ४० हजार, अहो तीन-साडेतीन वर्षांत तुमचं पंचवीस-तीस लाखांचं सगळं फर्निचर नव्याने विकत येईल इतकं भाडं. हा आकडा कोणाला पटणार? यादीच जोडायची तर ती त्याच करारात परिशिष्ट म्हणून जोडता येते, कागद लांबला तर लांबू दे. भाडेकरूने एकच करार, एकच आकडा, हाच आग्रह धरावा असं माझं ठाम मत आहे.

हिशेबनीस

टीडीएसचा, म्हणजे भाड्यातून आधीच कापून सरकारला भरायच्या कराचा, विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल तर व्यक्ती म्हणून राहणाऱ्या भाडेकरूलाही टीडीएस कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के आहे, आधी ५ होता. दरमहा नाही, वर्षातून एकदा, मार्चच्या भाड्यातून, किंवा मध्येच घर सोडलं तर शेवटच्या महिन्यात. १,६०,००० च्या हिशेबाने पूर्ण वर्षाचे ३८,४००. यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर) लागत नाही, तुमचा आणि मालकाचा पॅन पुरतो, ऑनलाइन भरायचं आणि मालकाला सर्टिफिकेट द्यायचं. मालकाला हे सुरुवातीलाच सांगून करारात लिहा, नाहीतर मार्चमध्ये भाडं कमी आलं म्हणून फोन येतो.

पण हे सगळं मालक भारतात राहणारा असेल तरच. पहिला प्रश्न हाच विचारा, मालक कुठे राहतो?

सांजवेळ

मार्बल वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही असंच घर घेतलेलं, दिसायला अप्रतिम, पण इटालियन मार्बल लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर कशापुढेच टिकत नाही, थेंब पडला की तिथली चमक जाते आणि ती पुसून येत नाही, पॉलिश करावं लागतं. हळद-तेल तर विचारू नका. गौरी-गणपती असतात का तुमच्याकडे? समई, निरांजन, कुंकू सगळं त्याच फरशीवर येणार. सोडताना मालकाच्या माणसाने टॉर्च घेऊन एकेक डाग दाखवला आणि डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापली, आधीपासून असलेले डागसुद्धा आमच्याच नावावर, कारण आत जाताना फोटो कोणीच काढलेले नव्हते.

म्हणून किल्ली घ्यायच्या दिवशी, सामान आत येण्याआधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, फरशीचा जवळून, तिरप्या उजेडात. एसीचे, फ्रिजचे, हॉबचे, चिमणीचे सिरीयल नंबर. सोफ्याखाली, गादीखाली, सिंकखालचं कपाट, बाथरूमच्या छताचे ओले डाग. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला ईमेल करा आणि यादीवर दोघांच्या सह्या. करारात "रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी नाही" हे वाक्य हवंच, आणि डिपॉझिट किल्ली देताना त्याच क्षणी परत, "तीस दिवसांत" नाही.

आणि एक, जरा वेगळं. कामाला येणाऱ्या मावशींना कुठली लिफ्ट, त्यांना पाणी प्यायला, बाथरूमला कुठे जायचं, ड्रायव्हर दिवसभर कुठे बसणार, हे त्या सोसायटीत बघून घ्या. आमच्या आधीच्या ठिकाणी मावशींना मुख्य लिफ्ट बंद आणि सर्व्हिस लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडायची, त्या बाई पन्नाशीच्या, नऊ मजले चढून यायच्या. मला ते फार लागायचं. दीड लाख भाडं घेणाऱ्या इमारतीत माणसाला साधी लिफ्ट मिळू नये हे मला आजही पटत नाही.

गल्ली_सात

सांजवेळ, +१०० शेवटच्या मुद्द्याला.

परतीची_वाट

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. घरात गौरी-गणपती दोन्ही असतात, सासूबाईंचा सगळ्यात मोठा सण तो.

शुक्रवारी रात्री जाऊन आलो, आवाज खरंच होता, खिडक्या बंद केल्यावर चालून जाण्यासारखा पण टेरेसवर अजिबात नाही. आणि @हिशेबनीस, तुमचा प्रश्न विचारला तेव्हा कळलं की मालक आणि त्यांची बायको दोघंही दुबईला असतात, फ्लॅट दोघांच्या नावावर, सही मालकाचा भाऊ करणार. भाडं भावाच्या खात्यात टाका म्हणतायत. एजंट म्हणाला, "दोन टक्के कापा, सगळे तेच करतात." शिवाय बोलता बोलता निघालं की फ्लॅटवर कर्ज आहे. आता काय?

हिशेबनीस

आता थांबा आणि नीट वाचा. मालक अनिवासी असेल तर २ टक्क्यांचा नियम लागूच होत नाही, आणि ५०,००० ची मर्यादाही नाही. दर ३० टक्के आणि त्यावर सेस मिळून ३१.२ टक्के, सरचार्ज लागत नसेल असं धरून. १,६०,००० वर महिन्याला ४९,९२० रुपये कापून सरकारला भरायचे, दर महिन्याला, त्यासाठी तुम्हाला टॅन काढावा लागेल आणि तिमाही विवरणपत्र भरावं लागेल. नवरा-बायको दोघं मालक असतील तर प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे. भावाच्या खात्यात भाडं टाकलं म्हणून मालक निवासी होत नाही. भाडं मालकाच्या एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं) जायला हवं.

न कापल्यास जबाबदारी भाडेकरूची, म्हणजे तुमची. वर्षाला जवळपास सहा लाखांचा प्रश्न आहे. मालकाचं यात कायमचं नुकसान नाही, तो रिटर्न भरून भाड्यावरची ३० टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जाचं व्याज घेऊन रिफंड मागू शकतो, किंवा आयकर खात्याकडून कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आणू शकतो, ते तुमच्या हातात आलं की तुम्ही त्या दराने कापा. प्रमाणपत्र येईपर्यंत पूर्ण दर. "मला हातात पूर्ण १,६०,००० हवेत, कर तुमचा तुम्ही बघा" असं म्हणाला तर ते भाडं वर आणखी बरंच चढतं, अजिबात मान्य करू नका.

आणि आता ते ९० आणि ७० चं कोडं उलगडतं बहुतेक, घराचं भाडं कमी दिसलं की कापायचा करही कमी दिसतो.

कागदोपत्री

भाऊ सही करणार तर कुलमुखत्यारपत्र बघा. परदेशात केलेलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेलं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरलेलं हवं, आणि त्यात "भाड्याने देणे, करार नोंदवणे, डिपॉझिट स्वीकारणे" हे स्पष्ट लिहिलेलं हवं. दोन्ही मालकांचं. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू (घराच्या नोंदणीकृत व्यवहाराचा सरकारी उतारा) शोधून नावं ताडून बघा, महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावरचं नावही बघा.

कर्जाचं मला जास्त गंभीर वाटतं. या भागातल्या मोठ्या घरांवर साधं गृहकर्ज असेलच असं नाही, धंद्यासाठी घर तारण ठेवून काढलेलं कर्ज खूप असतं. हप्ते थकले तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेते, दारावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि भाडेकरूचं ८ लाखांचं डिपॉझिट मालकाच्या खिशात असतं. बँकेची नोटीस निघाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर भाड्याने देताच येत नाही. म्हणून बँकेचं ना-हरकत पत्र आणि हप्ते वेळेवर चालू असल्याचं स्टेटमेंट मागा. देत नसतील तर ते घर सोडा, मार्बल कितीही सुंदर असो.

मुक्काम_पोस्ट

इथे मी पूर्ण सहमत. बँकेचं पत्र आम्हीही देतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डिपॉझिटही पाच महिन्यांचं जास्त आहे, तीन महिन्यांचं पुरे, फर्निश्डला फार तर चार.

नवा_भाडेकरू

डिपॉझिट दोनच महिन्यांचं असा कायदा झालाय ना? व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं.

कागदोपत्री

केंद्राचा आदर्श भाडेकरार कायदा २०२१ मध्ये मंजूर झाला, त्यात निवासी घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो प्रत्येक राज्याने स्वीकारायचा असतो. महाराष्ट्रात तो लागू नाही. इथे डिपॉझिट दोघांमध्ये ठरेल तेवढं.

ताई, लॉक-इनचंही बघा. दोन वर्षं दोन्ही बाजूंनी म्हणजे नवऱ्याची परत बदली झाली तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागतील. तुमच्याकडून लॉक-इन फार तर सहा महिने किंवा एक वर्ष, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस. मालकाकडून मात्र पूर्ण मुदत लॉक-इन असू दे, सासूबाईंना मध्येच हलवायला लागू नये म्हणून. आणि मुदत संपली की घर सोडायचंच, कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने भरपाई लागते, त्यामुळे नूतनीकरणाचं बोलणं दोन महिने आधी सुरू करा.

सोसायटीचं. भाडेकरू ठेवल्याबद्दल सहकारी सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा शासन आदेश आहे, आणि ते मालकाने भरायचं. पण पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालच्या अपार्टमेंट असोसिएशन आहेत, तिथे त्यांचे स्वतःचे नियम असतात, आधी कुठला प्रकार आहे ते विचारा. मेंटेनन्स कोण भरणार हे आकड्यासकट लिहा. अशा इमारतींत तो महिन्याला पंधरा-वीस हजार सहज असतो.

सांजवेळ

वीजबिल राहिलं. मालकाकडून गेल्या मे महिन्याचं बिल मागा. सेंट्रल एसीच्या घरात युनिट ५०० च्या वर गेलं की सगळ्यात वरचा दर लागतो. आणि एसीची सर्व्हिसिंग कोण करणार? त्या सिस्टिमचा एखादा भाग गेला की बिल हजारांत नाही, लाखात जाऊ शकतं. मोठी दुरुस्ती मालकाची, नेहमीची सर्व्हिसिंग आमची, असं आम्ही आता लिहून घेतो.

परतीची_वाट

मंडळी, अपडेट द्यायला आले.

कोरेगाव पार्कचं घर सोडलं. बँकेचं पत्र मागितल्यावर एजंट आठवडाभर "येतंय येतंय" म्हणाला आणि ३१.२ टक्क्यांचं ऐकल्यावर मालकाच्या भावाने फोनच ठेवला. मुलगी दोन दिवस नाराज होती, तिने त्या टेरेसवर झोपाळा कुठे लावायचा तेही ठरवलेलं. पण बोट क्लब रोडच्या मालकीण बाईंना भेटून आलो आणि फार बरं वाटलं. पुण्यातच राहतात, स्वतः घर दाखवायला आल्या, इंडेक्स टू आणि मिळकतकराचं बिल आम्ही मागायच्या आधी समोर ठेवलं. १,४५,००० भाडं, डिपॉझिट तीन महिन्यांचं, तीन वर्षांचा एकच नोंदणीकृत करार, दरवर्षी ५ टक्के वाढ, आमचं लॉक-इन एक वर्ष, मेंटेनन्स त्या भरणार, मार्चमध्ये २ टक्के कापणार हे करारातच लिहिलंय. लिफ्टला जनरेटर आहे, एकच लिफ्ट आहे आणि ती सगळ्यांना आहे. फरशी साधी, फिकट करड्या रंगाची, गौरी कुठे बसवायच्या ते सासूबाईंनी पहिल्याच भेटीत ठरवून टाकलं. फर्निचर बेंगळुरूहून आमचंच येईल.

@कागदोपत्री, @हिशेबनीस, तुम्ही दोघांनी जे केलंत त्याचे आभार कसे मानू कळत नाही. अनोळखी माणसासाठी एवढं कोण लिहितं.

गल्ली_सात

अभिनंदन! सामानाच्या ट्रकची वेळ सोसायटीला आधी कळवा आणि लिफ्ट बुक करा, त्या रस्त्यावर सकाळी ट्रक उभा करायला जागा मिळत नाही. आणि घरातल्या सगळ्यांची माहिती पोलिसांच्या भाडेकरू नोंदणीत मालकीण बाईंनी भरलीये ना बघा, पोचपावतीची एक प्रत तुमच्याकडे ठेवा.

नवा_भाडेकरू

धागा वाचून आता झोप उडालीये. आमचे मालक सिंगापूरला असतात, भाडं ९५,००० आहे आणि गेल्या मार्चला मी २ टक्केच कापले. कोणी काही सांगितलंच नव्हतं. आता काय करू?

हिशेबनीस

घाबरू नका पण थांबूही नका. आधी टॅनसाठी अर्ज करा. मालकांना आजच ईमेल करून विचारा की त्या वर्षाचं भारतातलं रिटर्न त्यांनी भरलंय का आणि त्यात हे भाडं दाखवून कर भरलाय का. भरला असेल तर त्यांच्याकडून सीएचं तसं प्रमाणपत्र घ्या, मग कमी कापलेल्या रकमेची मूळ वसुली तुमच्याकडून होत नाही, फक्त दरमहा १ टक्का व्याज लागतं. भरला नसेल तर फरकाची रक्कम व्याजासकट तुम्हाला भरावी लागेल आणि ती पुढच्या भाड्यातून वळती करण्याबद्दल मालकांशी लेखी ठरवा. या महिन्याच्या भाड्यापासून मात्र योग्य दराने कापायला सुरुवात करा. आणि चांगल्या सीएकडे जाताना करार, बँक स्टेटमेंट आणि मार्चचं चलान, तिन्ही सोबत न्या.